एकच सांगाडा, एकाला बावीस वर्षं, दुसऱ्याला चाळीस: पाण्यावर उतरणारं लष्करी विमान म्हातारं कशानं होतं?

पामबीच_पतंग (सीवूड्स)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळतंय, म्हणून धागा काढतोय.

जपानच्या सागरी स्वसंरक्षण दलाकडे शिन मेइवा कारखान्याचं पीएस-१ नावाचं विमान होतं. पाणबुड्या शोधायचं काम. १९६७ साली पहिलं उड्डाण, एकूण २३ बांधली आणि १९८९ साली सगळी बाद. त्याच विमानात फेरफार करून बचावासाठी यूएस-१ काढलं. ते १९७४ साली उडालं आणि त्याची सुधारित आवृत्ती यूएस-१ए थेट डिसेंबर २०१७ पर्यंत सेवेत होती. कारखाना एक, मूळ सांगाडा एक, समुद्रही तोच. मग एकाला बावीस वर्षं आणि दुसऱ्याला चाळीसच्या वर, हे कसं?

माझा कौल मिठाला. आमच्या सोसायटीत खाडीकडच्या बाजूला लावलेले एसीचे बाहेरचे डबे आणि रस्त्याकडचे डबे शेजारी ठेवून बघा, वेगळं काही सांगावं लागणार नाही. पण पीएस-१ आणि यूएस-१, मीठ दोघांनीही खाल्लं. तिथेच माझी गाडी अडते. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

हिशोबी_कोपरी (ठाणे पूर्व)

मीठबीठ सोडा हो. पीएस-१ मेलं ते कागदावर. त्याची युद्धपद्धत अशी: उडत जायचं, समुद्रात उतरायचं, सोनार (पाण्यातला आवाज टिपून पाणबुडी हुडकणारं यंत्र) पाण्यात सोडायचा, ऐकायचं, उचलायचं, पुन्हा उडायचं, पुढे जाऊन पुन्हा उतरायचं. तेवढ्यात वरून टाकायचे सोनोबॉय, म्हणजे पाण्यात तरंगत आवाज ऐकणारे डबे, सुधारले. उतरायची गरजच संपली. जपाननं मग पी-३सी ओरायन घेतलं, जे धावपट्टीवरून उडतं आणि धावपट्टीवरच उतरतं. त्यांची संख्या शंभराच्या घरात गेली. एकीकडे शंभर, दुसरीकडे २३. सुटे भाग, प्रशिक्षण, कारखान्यातली माणसं, सगळा खर्च त्या २३ वर. कुठला हिशोबनीस हे चालू ठेवेल?

विमान लोखंडानं मरत नाही, वहीनं मरतं. (आता कुणी म्हणेल विमानात लोखंड नसतं. माहीत आहे.)

हँगरमधला (नेरूळ)

दोघांचंही वाचलं. मी नौदलाच्या हवाई शाखेत तांत्रिक बाजूला होतो, आयुष्य सी किंग हेलिकॉप्टरांच्या सहवासात गेलं. पाण्यावर उतरणारं विमान मी सांभाळलेलं नाही, पण समुद्रावर तरंगत काम करणारं यंत्र म्हणजे काय ते हातांना ठाऊक आहे. सी किंगचं पोट नावेसारखंच असतं, वेळ आली तर पाण्यावर टेकावं म्हणून.

लष्करी विमानाचं आयुष्य वर्षांत मोजत नाहीत. तीन वेगळे हिशोब चालतात. किती तास उडालं, किती वेळा उतरलं, आणि कॅलेंडरवर किती काळ गेला. तिन्हींपैकी जो आधी भरेल तो खरा. साध्या प्रवासी विमानात 'उतरलं' म्हणजे चाकं टेकली, धक्का शॉक स्ट्रटनं, म्हणजे चाकाच्या दबणाऱ्या दांड्यानं झेलला. पाण्यावर उतरणाऱ्याचा धक्का पोटाचा पत्रा झेलतो, त्यामागच्या फ्रेम झेलतात, आणि तो प्रत्येक वेळी वेगळ्या जागी बसतो, कारण लाट काही नकाशा बघून येत नाही. कोपरीकरांनी सांगितलेली पद्धत पुन्हा वाचा: एका गस्तीत अनेकदा उतरायचं. आता यूएस-१ बघा. बचावाची हाक आली तरच समुद्रात उतरायचं, एरवी नाही.

आणि सगळ्यात मोठा फरक कुणी बोललंच नाही. पीएस-१ ला धावपट्टीवर उतरता येण्याजोगी चाकं नव्हती. होती ती फक्त उतारावरून पाण्याबाहेर येण्यापुरती. त्याला प्रत्येक उड्डाण पाण्यातूनच करावं लागे, सरावाचं असो की युद्धाचं. यूएस-१ ला खरीखुरी चाकं दिली. ते इवाकुनी तळाच्या कोरड्या धावपट्टीवर राहायचं, कोरडंच उडायचं, कोरडंच उतरायचं आणि गरजेपुरतं भिजायचं. पतंगराव, तुमचं मीठ आणि कोपरीकरांची वही, दोन्ही इथे एकत्र येतात.

मिठाबद्दल थोडं. मीठ दिसतं तिथे त्रास देत नाही. पंख्यांवर, काचेवर बसलेलं धुऊन जातं. त्रास देतं ते दोन पत्रे एकमेकांवर येतात त्या सांध्यात, रिबिटच्या डोक्याखाली, चाकांच्या खोबणीत आणि पोटाच्या तळाशी, जिथे झिरपलेलं पाणी साठतं. अ‍ॅल्युमिनियमला स्टीलचा बोल्ट लावलाय आणि मध्ये खारं पाणी शिरलं, की अ‍ॅल्युमिनियम झिजायला लागतं. वरून रंग शाबूत. फक्त एखाद्या जागी रंगाला मोहरीएवढा फोड. तो नखानं खरवडला की खालून पांढरी भुकटी सांडते. ती भुकटी म्हणजे तुमचा पत्रा. मग फोड जिथे संपतो तिथे थांबायचं नाही, चकचकीत निरोगी धातू लागेपर्यंत घासत जायचं, उरलेली जाडी मोजायची आणि ठरवायचं की ठिगळ लावायचं की अख्खा पत्रा काढायचा.

म्हणून समुद्रावरून आलं की आधी गोड्या पाण्यानं धुणं. इंजिनलासुद्धा: इंजिन फिरवत आत गोडं पाणी सोडायचं, नाहीतर कंप्रेसरच्या पात्यांवर मिठाचा थर बसतो आणि ताकद उतरते. पावसाळ्यात मुंबईत हे काम करताना पोरं म्हणायची, सर, वरून पडतंयच की गोडं पाणी. त्यांना हेलिकॉप्टरच्या पोटाच्या आत हात घालून बघायला लावायचो.

ट्रॅफिकग्रस्त (वाशी)

छान चर्चा. अवांतर: नवीन विमानतळ सुरू झाल्यापासून उलवे पुलावर कोणाचा किती वेळ जातो?

संपादक

त्यासाठी वेगळा धागा आहे, त्यातही कोणी हलत नाहीये. इथे विषयावर राहा.

लालरंग (रबाळे)

हँगरमधले काका, दंडवत. मी रबाळे एमआयडीसीत तपासणीच्या कामात आहे, माझं नाव कामावरूनच पडलंय. भाग आधी स्वच्छ धुवायचा, त्यावर लाल डाय फवारायचा, तो भेगांत शिरेपर्यंत थांबायचं, वरचा पुसून काढायचा आणि पांढरा डेव्हलपर मारायचा. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल केसासारखी रेघ हळूहळू उमटते. ती उमटताना बघणं हा आमच्या धंद्यातला सगळ्यात वाईट क्षण, कारण त्या क्षणी दोन लाखांचा भाग भंगार होतो.

पण डाय वरवरचीच भेग दाखवतो. काका म्हणतात त्या सांध्याच्या आत, पत्र्याखाली दडलेल्या भेगेला तो पोहोचत नाही. त्यावरून १९ डिसेंबर २००५ ची घटना आठवली. मायामीहून बिमिनी बेटाकडे निघालेलं ग्रुमन मॅलार्ड हे पाण्यावर उतरणारं प्रवासी विमान. बांधणी १९४७ ची. उडाल्यावर थोड्याच वेळात उजवा पंख तुटून पडला. २० जण गेले, म्हणजे विमानातलं कुणीच वाचलं नाही. तपासात निघालं की पंखात थकव्याच्या भेगा होत्या आणि त्या नीट ओळखून दुरुस्त झाल्या नव्हत्या. विमान नागरी होतं, मान्य, पण धातूला गणवेश कळत नाही.

मला यात खटकतं ते असं. अठ्ठावन्न वर्षांचं विमान उडवणं हा गुन्हा नव्हे. भाग बदलत गेलं तर चालतंही. पण बांधताना ज्या जागा पुन्हा कधी उघडाव्या लागतील असं कुणाला वाटलं नव्हतं, त्या जागा उघडायच्या कशा, हा प्रश्न जुन्या विमानात राहतोच.

पामबीच_पतंग

काका, चाकांचा मुद्दा डोक्यात आलाच नव्हता, जबरदस्त. लालरंग, मॅलार्डचाच थोरला लष्करी भाऊ म्हणजे ग्रुमन अल्बाट्रॉस. ऑक्टोबर १९४७ मध्ये पहिलं उड्डाण, ४६६ बांधली. अमेरिकेच्या हवाई दल, नौदल आणि तटरक्षक दल, तिघांनी वापरलं. तटरक्षक दलानं शेवटचं १० मार्च १९८३ ला निवृत्त केलं, ग्रीसनं तर १९९५ पर्यंत ठेवलं.

हिशोबी_कोपरी

आणि अमेरिकी तटरक्षक दलानं अल्बाट्रॉसच्या जागी काय आणलं? गार्डियन नावाचं जेट, जे पाण्यावर उतरूच शकत नाही. वरून शोधायचं, तराफा टाकायचा, उचलायला हेलिकॉप्टर किंवा जहाज पाठवायचं. म्हणजे कामाचे दोन तुकडे केले आणि दोन वेगळ्या यंत्रांना वाटून दिले. हेच तर म्हणतोय मी.

उलवेकरीण

बऱ्याच दिवसांनी इथे लिहितेय. माझे दीर ऑफशोअरला, समुद्रातल्या तेलाच्या प्लॅटफॉर्मवर असतात, त्यामुळे हा विषय आमच्या घरात गप्पांचा नाही.

मे २०२१, तौक्ते वादळ. पी-३०५ बार्ज (समुद्रातल्या कामगारांच्या राहण्याचा तराफ्यासारखा तळ) नांगर तुटून भरकटला आणि १७ मे ला बुडाला. त्यावर २६१ माणसं होती. तो बार्ज आणि वरप्रदा टग (ओढबोट) मिळून ८६ जीव गेले. आयएनएस कोची आणि इतर जहाजांनी त्या समुद्रात जाऊन माणसं काढली, नंतर हेलिकॉप्टरं आली. तेव्हा आमच्याकडे सगळे एकच विचारत होते: पाण्यावर उतरून माणसं उचलणारं विमान आपल्याकडे का नाही? जपानकडे आहे, मग आपण का घेत नाही? इथे कुणाला माहिती असेल तर खरं सांगा, दिलासा देण्यासाठी म्हणून नको.

हँगरमधला

ताई, खरं तेच सांगतो. त्या रात्री ते विमान असतं तरी उपयोगाचं नव्हतं.

आजच्या घडीला खवळलेल्या समुद्रावर उतरण्यात जपानचं यूएस-२, म्हणजे यूएस-१ चीच पुढची पिढी, सगळ्यांच्या पुढे आहे. त्याची मर्यादा ३ मीटर उंचीची लाट. तौक्तेत मुंबईबाहेरचा समुद्र त्याच्या कितीतरी वर होता, शिवाय वारा आणि अंधार. अशा वेळी उतरलेलं विमान म्हणजे वाचवायची माणसं आणखी वाढली. त्या परिस्थितीत मोठं जहाजच खरं, आणि उजाडल्यावर हेलिकॉप्टर. नौदलाच्या पोरांनी जाळी टाकून, दोर टाकून जे केलं त्याला पर्याय नव्हता.

३ मीटर तरी कसे जमतात ते सांगतो. यूएस-२ ला चार इंजिनं पंखे फिरवायला, आणि पाठीत एक पाचवं, जे विमानाला पुढे ढकलत नाही. ते फक्त पंखांच्या फ्लॅपवर (मागच्या कडेच्या खाली वळणाऱ्या पट्ट्यांवर) आणि शेपटीच्या पृष्ठभागांवर जोरात हवा सोडतं, म्हणजे वेग अगदी कमी झाला तरी पंखाची उचल सुटत नाही. त्यामुळे चाळीसेक टनांचं धूड पाण्यावर तीनेकशे मीटरमध्ये उतरतं आणि थांबतं. वेग कमी म्हणजे आपटणं कमी, आपटणं कमी म्हणजे पत्र्याचं आयुष्य जास्त. पण एका विमानात पाच इंजिनं सांभाळणं काय असतं, ते ज्याच्या हाताला ग्रीस लागलंय त्यालाच विचारा.

चेंदणीवाला (चेंदणी कोळीवाडा, ठाणे)

काका बोलले ते बरोबर, पण नुसती लाटेची उंची सांगून भागत नाही. आमच्याकडे बोट घालणारा माणूस आधी बघतो दोन लाटांमधलं अंतर. लांबून येणारा मोठा हेलावा असला, दोन शिखरांमध्ये ऐसपैस जागा, तर उंच असूनही होडी आरामात चढते-उतरते. आणि वाऱ्यानं उठवलेल्या आखूड, उभ्या लाटा असल्या तर निम्म्या उंचीलाही हाडं खिळखिळी होतात. त्यात दोन दिशांच्या लाटा एकमेकींवर आल्या की संपलं. विमान त्यात वेगानं येणार, म्हणजे त्याला तर हे आधी वरूनच वाचता आलं पाहिजे. पायलटला कोळ्याचा डोळा लागणार.

पामबीच_पतंग

चेंदणीवाले, तुमच्या प्रतिसादावर एक गोष्ट सांगायलाच हवी.

२ ऑगस्ट १९४५. अमेरिकेची इंडियानापोलिस ही क्रूझर (मोठी युद्धनौका) जपानी पाणबुडीनं बुडवून चौथा दिवस. शेकडो खलाशी उघड्या समुद्रात, आजूबाजूला शार्क. अ‍ॅड्रियन मार्क्स नावाचा पायलट कॅटलिना हे पाण्यावर उतरणारं विमान घेऊन तिथे पोहोचला. उघड्या समुद्रात उतरू नये असा कायमचा हुकूम होता. खाली बारा फुटांचा हेलावा. त्यानं आपल्या माणसांना विचारलं आणि उतरवलं. आपटण्यानं रिबिट उडाले, सांधे उकलले, आत पाणी यायला लागलं. एकेकट्या तरंगणाऱ्यांना आधी गाठायचं, असं त्यांनी ठरवलं, कारण घोळक्यातले एकमेकांना धरून तग धरतील. विमानाच्या पोटात जागा संपली तेव्हा उरलेल्यांना पंखांवर झोपवून पॅराशूटच्या दोरीनं बांधलं. ५६ जण. विमान पुन्हा उडण्याच्या स्थितीत नव्हतंच, रात्री जहाज येईपर्यंत ते फक्त तराफा झालं. माणसं जहाजावर गेल्यावर ते विमान तोफा डागून बुडवलं.

काकांचे तीन हिशोब इथे लावून बघा. तास शिल्लक, कॅलेंडर शिल्लक. एका उतरण्यात सगळं खर्ची पडलं, आणि कुणी त्याला वाया गेलं म्हणणार नाही.

हिशोबी_कोपरी

गोष्ट भारी आहे, टोपी काढली. पण हीच गोष्ट धोरण ठरवणाऱ्याला सांगा. तो म्हणेल, युद्धात कॅटलिना हजारोंनी होत्या, एक गेली तर दुसरी येत होती. आज यूएस-२ ची अख्खी फौज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. एप्रिल २०१५ मध्ये जपानच्या आशिझुरी भूशिराजवळ सरावात एक यूएस-२ समुद्रात अडकून गेलं. १९ जण होते, सगळे सुखरूप निघाले, हे महत्त्वाचं. पण विमानांच्या संख्येत मोठं खिंडार पडलं.

आपला सौदाही तिथेच अडला. २०१३ पासून भारत-जपान संयुक्त गटाची बोलणी, आधी १५-१८ विमानांची भाषा, मग १२. किंमत एकेका विमानाला दहा कोटी डॉलरच्या वर. करार काही झाला नाही. मी त्याला करंटेपणा म्हणणार नाही. त्या पैशात डॉर्नियर (किनाऱ्यावर गस्त घालणारी छोटी विमानं) किती आणि हेलिकॉप्टरं किती, याचा विचार करा.

हँगरमधला

कोपरीकर, पैशाचा मुद्दा मान्य, निष्कर्ष नाही. हेलिकॉप्टर किनाऱ्यापासून काहीशे किलोमीटरवर दमतं. २०१३ च्या जूनमध्ये प्रशांत महासागरात एक शिडाची नाव बुडाली. तिच्यावर एक दूरचित्रवाणी निवेदक आणि एक अंध खलाशी. किनाऱ्यापासून हजार-बाराशे किलोमीटर. यूएस-२ गेलं, उतरलं, दोघांना तराफ्यावरून उचललं आणि त्याच दिवशी जमिनीवर आणलं. हे कुठलं हेलिकॉप्टर करणार? जपानच्या ओगासावारा बेटांवर विमानतळ नाही, तिथल्या अत्यवस्थ रुग्णाला हजार किलोमीटर दूर टोकियोत हीच विमानं आणतात. आपल्याकडे मिनिकॉयला धावपट्टी नाही. अंदमान-निकोबारची साखळी किती लांब आहे ते नकाशात बघा. गरज मुंबईची नाहीच, त्यांची आहे.

आणि आपल्याला हा प्रकार नवा नाही. १९५३ साली कोचीत नौदलाची हवाई शाखा उभी राहिली ती शॉर्ट सीलँड या दोन इंजिनांच्या, पाण्यावर आणि जमिनीवरही उतरणाऱ्या विमानांवर. १० घेतली होती. त्यातलं एक गोव्यात बोगमाळोच्या रस्त्याला नौदलाच्या हवाई संग्रहालयात उभं आहे. लोक त्याच्यासमोरून सरळ मोठ्या कॉन्स्टेलेशनकडे जातात.

हिशोबी_कोपरी

काका, रागावू नका, पण सीलँड माझ्याच बाजूची साक्ष देतंय. जगात एकूण बांधली २५, त्यातली १० आपल्याकडे. सुटे भाग कुठून आणणार होता? :)

हँगरमधला

रागावत नाही. नेरूळला या, चहा पाजून पटवतो.

लालरंग

कमी संख्या म्हणजे लवकर मरण, हेही सरसकट नाही हं. रशियाचं बेरिएव्ह बे-१२, तेही पाण्यावर उतरणारं. १९६० साली उडालेलं, दीडशेच्या आत बांधलेलं. सप्टेंबर २०२५ मध्ये युक्रेननं क्रिमियात अशी दोन विमानं ड्रोननं उडवल्याचा दावा केला, तेव्हा कित्येकांना कळलं की ती अजून आहेत. पासष्ट वर्षं! मीठ, वही, भेगा, सगळ्यांना पुरून उरलं. सैन्याला त्याच्या जागी दुसरं काही मिळालं नाही, एवढंच कारण मला दिसतं. चीन मात्र एजी-६०० नव्यानं घडवतोय, २०१७ ला जमिनीवरून, २०१८ ला तलावावरून, २०२० ला समुद्रावरून उडालं. म्हणजे ही जात संपलेली नाही.

उलवेकरीण

काका, उत्तराबद्दल आभार. दिरांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, बरोबर आहे, त्या समुद्रात कुणीच उतरलं नसतं. मग विचारलं, आणि एरवी, शांत समुद्रात? प्लॅटफॉर्मवर कुणाला हार्ट अटॅक आला तर?

हँगरमधला

मुंबई हायपर्यंत हेलिकॉप्टरच बरं, ताई. प्लॅटफॉर्मवर हेलिपॅड असतो, रुग्णाला थेट आत घेता येतं. विमान पाण्यावर उतरलं तर रुग्णाला क्रेननं खाली बोटीत, बोटीतून हलत्या दारात, एवढ्या हाताळण्या. छाती धरून बसलेल्या माणसाला ते सोसणार नाही.

ट्रॅफिकग्रस्त (वाशी)

आता विषयावरच विचारतो. सरावापुरतं तरी एखादं असं विमान ठाणे खाडीत उतरवता येईल का? ऐरोली ते वाशी सरळ पाणी आहे.

चेंदणीवाला

भाऊ, पाणी सरळ आहे भरतीला. ओहोटीला दोन्ही बाजूंनी चिखल उघडा पडतो आणि मधे उरते ती चिंचोळी वाट, तीही गाळानं दरवर्षी सरकते. भरतीबरोबर ओंडके, थर्माकोल, तुटकी जाळी, सगळं वर येतं. अर्धं बुडालेलं लाकूड होडीतून हातभरावर आल्याशिवाय दिसत नाही, ते वरून काय दिसणार? वर वाशीचे पूल, विजेच्या तारा, आणि हिवाळ्यात हजारो रोहित पक्षी. आम्ही पंधरा फुटी होडी घालताना पुढे एक माणूस बसवतो बघायला.